काचेच्या डोळ्याचा टाळकरी

कीर्तनाला बुवा लागतात, हे कुणी सांगायला नको. पेटीवाला लागतो, तबलजी लागतो, हेही लोक मान्य करतात. पण बुवांच्या डाव्या खांद्यामागे टाळ धरून जो एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तो चुकला की मात्र सगळी सभा मान वळवून बघते.

धोंडबाने सव्वीस वर्षांत एकदाही कुणाला मान वळवू दिली नव्हती. नागपूरच्या उत्तरेला, कन्हानकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीजकेंद्राच्या कामगारांची वसाहत होती, तिथल्या मारुतीच्या देवळात तो टाळ धरायचा. दिवसभर कोळशाच्या पट्ट्यावर काम करून आलेला काळाकभिन्न गडी. पण हातात टाळ आले की त्याची बोटं फुलासारखी व्हायची. बुवांनी श्वास घेतला की धोंडबाचा हात वर. बुवा गाणं सोडून बोलायला लागले की हात खाली. बुवांना ठसका लागणार असेल तर तो बुवांच्या आधी धोंडबाला कळायचा, आणि टाळ असे काही घुमायचे की ठसका त्यातच बुडून जायचा.

त्या पौषात धोंडबाच्या उजव्या हातावरून वारं गेलं. औषधपाणी झालं, तेल झालं, हात खांद्यापासून हलायलाही लागला. पण पंजात टाळ धरण्याइतकं बळ येईना. त्या दिवसापासून धोंडबा देवळात येईनासा झाला. संध्याकाळी आरतीची घंटा वाजली की तो ओसरीवरून उठायचा, घरात जायचा आणि दार लावून घ्यायचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या रुपरावांना ते दार लागल्याचा आवाज रोज ऐकू यायचा. त्यांचा चहा तेवढ्यापुरता कडू व्हायचा.

चैत्रातला उत्सव दोन महिन्यांवर आला. आठ दिवसांची कीर्तनं, भंडाऱ्याकडचे बळीरामबुवा यायचे. टाळ कोण धरणार, असा प्रश्न निघाला. तो पूर्ण निघायच्या आतच स्टोअरकीपर मनोहररावांनी घसा खाकरला. मनोहररावांकडे स्वतःचे टाळ होते, लाल रेशमी गोंड्यांचे. भक्ती होती, वेळही होता. ताल तेवढा नव्हता. मागे एकदा एकादशीला त्यांनी टाळ धरले होते, तेव्हा तबलजीनं मध्येच हात जोडून त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि मनोहररावांना वाटलं होतं की तो आपल्याला वंदन करतोय.

रुपरावांना खरी भीती तालाची नव्हतीच. मनोहरराव एकदा त्या जागेवर उभे राहिले की पुन्हा हटणार नाहीत, ही होती. धोंडबाचा हात उद्या सुधारला तर त्याने उभं कुठे राहायचं? माणसाला उठवायचं म्हणजे मानापमान आला, पाहुणे-रावळे आले, कमिटीची सभा आली. मग अशी काही तरी वस्तू उभी केली पाहिजे की जी टाळ तर वाजवील, आणि म्हटलं की मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवता येईल.

हा विचार त्यांच्या डोक्यात आला त्याला कारण रविवारचं वर्तमानपत्र. त्यात जपानमधल्या कारखान्याची हकीकत होती. तिथे म्हणे लोखंडी हात मोटारींना जोड देतात, रंग देतात. ते थकत नाहीत, रजा घेत नाहीत, चहा मागत नाहीत. रुपरावांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई भाजी निवडत होत्या. "चहा नाही मागत?" त्या म्हणाल्या. "मंग एखांदा आपल्या घरी आणा ना."

रुपराव वीजकेंद्राच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये एकोणीस वर्षं मेकॅनिक होते. बॉयलरच्या भट्टीवर एक काचेचा डोळा बसवलेला असतो. आत ज्योत आहे तोवर तो स्वस्थ असतो. ज्योत विझून अंधार झाला की क्षणात खालच्या यंत्राला इशारा देतो. असे डोळे पुसणं आणि बिघडलेले बदलणं हे रुपरावांचं काम. रात्रंदिवस आगीकडे टक लावून बसलेला तो डोळा पाहिला की त्यांना वाटायचं, आपलं ध्यान देवाकडे असं पाच मिनिटं जरी लागलं, तरी जन्माचं सोनं होईल. तोच डोळा बुवांच्या हाताकडे लावला तर? बुवांच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. बुवांनी तालावर हात वर केला की डोळ्यावर सावली पडेल. सावली पडली की मोटर फिरेल, दांडा खाली येईल, झण! हात खाली आला की उजेड, उजेड आला की गप्प.

भंगारात काढलेला असा एक डोळा स्टोअरमध्ये पडून होता. तो बाहेर न्यायला गेटपास लागत होता, आणि गेटपास मनोहररावांच्या टेबलावरून जात होता. फॉर्मवर "कोणत्या कामासाठी" असा रकाना होता. रुपरावांनी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "कीर्तनासाठी."

"मंजूर कामाच्या यादीत कीर्तन नाही, गा," मनोहरराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "पंप आहे, झडप आहे, वाफेची गळती आहे. कीर्तन कोठं बसवू?"

"गळतीत बसवा," रुपराव म्हणाले.

मनोहररावांनी बसवलं नाही. ते यंत्र काय करणार आहे हे मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि ऐकून त्यांचा चेहरा टाळाच्या वाटीसारखा आतल्या बाजूला गेला. मग त्यांनी एक नवीनच कलम काढलं. यंत्रामुळे माणसाचं काम जात असेल तर युनियनचा ना-हरकत दाखला पाहिजे.

युनियनचे सेक्रेटरी चंद्रभान हे तळमळीचे गृहस्थ होते. त्यांनी प्रश्न फार गांभीर्यानं घेतला.

"किती जागा कमी होऊन राहिल्या?"

"एक. पण ते बिनपगारी आहे."

"आज बिनपगारी जाईन, उद्या पगारी जाईन," चंद्रभान उभे राहून म्हणाले. बसून त्यांना बोलताच येत नसे. "आज टाळ, उद्या हातोडा, परवा मी! रुपरावभाऊ, सेक्रेटरीचं यंत्र निंघालं तर युनियननं कोणाकडं जायचं?"

शेवटी तडजोड निघाली. ज्याची जागा जाते त्याची लेखी संमती आणायची. रुपराव म्हणाले, संध्याकाळी मी स्वतः धोंडबाजीकडे जातो, नीट समजावतो. पण युनियनच्या इतिहासात कधी झाली नव्हती अशी तत्परता नेमकी त्याच दिवशी झाली. रुपराव घरी पोचायच्या आत चंद्रभान कागद घेऊन धोंडबाच्या ओसरीवर हजर. कागदावर टाईप केलं होतं: "माझ्या जागी यंत्र बसविण्यास माझी कोणतीही हरकत नाही."

धोंडबाने डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. कागद परत ढकलला.

रुपराव धापा टाकत आले तेव्हा शाई वाळली होती. "धोंडबाजी, तुमी समजले तसं नाही, गा. मी तुमची जागा राखून ठेवून राहिलो."

"राखण कुत्रं करते," धोंडबा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "डबा कवापासून कराले लागला?"

आणि दार लागलं. या वेळी आरतीची घंटाही झाली नव्हती.

रुपराव तसे मऊ माणूस, पण "डबा" हा शब्द त्यांच्या वर्मी लागला. एकोणीस वर्षांच्या अनुभवाला डबा! त्यांनी त्याच रात्रीपासून कामाला हात घातला. दांडा सायकलच्या स्टँडचा झाला, बैठक शिवणयंत्राच्या लाकडी खोक्याची झाली, टाळ देवळातले आले. चैत्र उजाडला तरी मोटर मिळेना. सगळं घर धुंडाळून झाल्यावर त्यांची नजर कूलरवर गेली.

नागपूरच्या चैत्रात कूलरची मोटर काढून घेणाऱ्या नवऱ्याबद्दल शास्त्रात काय सांगितलंय ते माहीत नाही. पण वच्छलाबाईंनी जे सांगितलं ते शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी पारा बेचाळीसवर होता. वच्छलाबाई ओसरीवर ताडाच्या पंख्यानं वारा घेत बसल्या. रुपराव समोर यंत्र जोडत होते. त्यांनी शेवटची तार लावली मात्र, टाळ वाजू लागले: झण, झण, झण, झण. काय घोळ झाला म्हणून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वच्छलाबाईंचा पंखा थांबला. टाळ थांबले. पंखा हलला, टाळ वाजले.

वच्छलाबाईंनी पंखा सावकाश हलवला, टाळ विलंबित. भराभर हलवला, टाळ द्रुत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"एकोणीस वर्षं झाली या घरात," त्या म्हणाल्या, "माह्या हाताकडं पाहून वागनारा हा पैलाच."

त्या दिवसापासून कूलरचा विषय निघाला नाही. उलट वच्छलाबाईच येणाऱ्या-जाणाऱ्याला पंखा हलवून दाखवू लागल्या, आणि येणारे-जाणारे सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं, भगवा रंग द्या. कुणी म्हणालं, टोपी घाला, उघडं डोकं बरं दिसत नाही. देवळाची झाडलोट आणि पूजेची तयारी बघणाऱ्या प्रयागबाईंना वेगळीच चिंता होती.

"देवळात आनता खरं, पन ते आंघोळ करते काय?"

"प्रयागबाई, त्याले पाणी लागलं तर ते जळून जाईन."

"मंग तुळशीचं पानी शिंपडतो, लांबून. पारोसं नको बाप्पा देवापुढं."

मनोहररावांनी गेटपासवर शेवटी "प्रायोगिक तत्त्वावर, पहिल्या दिवसापुरते" असा शेरा मारला होता. याचा अर्थ सगळ्या वसाहतीला कळला. पहिल्या दिवशी यंत्र चुकलं की उरलेले सात दिवस लाल गोंडे. आणि सात दिवसांनंतर जन्मभर.  धोंडबासाठी मांडलेला रुपरावांचा सगळा खेळ. आणि त्यात धोंडबाच बोलत नव्हता.

उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी सहाला बळीरामबुवा उभे राहिले. पांढरं धोतर, अंगरखा, कमरेला उपरणं. त्यांच्या पायाशी रुपरावांनी खडूनं एक वर्तुळ काढलं होतं, आणि त्याच्या बाहेर पाऊल टाकू नका अशी हात जोडून विनंती केली होती, कारण बाहेर गेलं की सावली चुकणार. दुसरा कुणी कीर्तनकार रागावला असता. बळीरामबुवांनी आधी यंत्राला वाकून नमस्कार केला.

"हे आमच्या हाताकडे बघतं?" त्यांनी विचारलं.

"हो महाराज."

"मग मोठी योग्यता. लोक घड्याळाकडे बघतात."

आणि खरं सांगायचं तर पूर्वरंग असा रंगला की विचारू नका. बुवांनी नाम धरलं, हात उचलला, झण! सभेत एक लाट गेली. पुढच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. लय वाढली, यंत्र वाढलं. बुवा निरूपणाला थांबले, यंत्र थांबलं. पितळेवर पितळ इतकं खणखणीत पडत होतं की पेटीवाला मध्येच "वा!" म्हणाला, आणि कुणाला म्हणालो म्हणून गोंधळून यंत्राकडे बघू लागला. चंद्रभानसुद्धा, काळजी तशीच ठेवून, मांडीवर ताल देत होते. रुपराव खांबाला टेकून उभे होते. आगीकडे बघणारा डोळा आज हरिनामाकडे बघतोय, या विचारानं त्यांचेच डोळे भरून आले. लोखंडाला कान नाहीत, मन नाही, पुण्य नाही. तरी त्याच्याकडून सेवा घडली. मग आपल्याकडून किती घडायला हवी!

एवढ्यात त्यांना सगळ्यात मागच्या खांबाआड बसलेला धोंडबा दिसला. रुपराव तसेच मागे सरकले.

"आले, धोंडबाजी?"

"डबा कसा पडते ते पाहाले आलो," धोंडबा म्हणाला. पण त्याचं सगळं अंग पुढे झुकलेलं होतं, आणि निकामी उजवा हात मांडीवर थोडा थोडा उचलला जात होता.

मध्यंतर झालं. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला. मग रीतीप्रमाणे प्रयागबाई बुक्क्याचं तबक घेऊन साथीदारांकडे वळल्या. पेटीवाल्याला लावला. तबलजीला लावला. आणि पुढे टाळकऱ्याच्या जागी यंत्र. सगळ्यांना लावायचा आणि एकालाच वगळायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. सेवा तर त्यानंही केली होती. पण कपाळ कुठलं? त्यांनी वाकून पाहिलं. सगळ्यात वर, मधोमध, एक गोल चकचकीत काच होती. प्रयागबाईंनी बोट गंधात बुडवलं, बुक्क्यात फिरवलं, आणि मायेनं, जाड हातानं, त्या काचेवर ठसठशीत टिळा लावला. वर दोन्ही हातांनी बोटं मोडली.

यंत्राच्या जगात काळोख झाला.

झण झण झण झण झण! लोकांना वाटलं, उत्तररंगाची सुरुवात. काही जणांनी टाळ्या धरल्या. बुवाही क्षणभर हसले. मग त्यांनी आख्यान सुरू केलं. एका गुराख्याची एकुलती गाय रानात हरवली आहे, अंधार पडला आहे, तो देवाला आणि गाईला एकाच हाकेनं हाक मारतो आहे, असा मोठा नाजूक प्रसंग. बुवांनी आवाज अगदी खाली आणला. "गुराखी उभा राहिला... रान सगळं स्तब्ध..." झण झण झण झण! "पान हलत नव्हतं..." झण झण झण झण! पुढच्या रांगेतली पोरं हसू लागली. त्या गदारोळात ती गाय हजार वर्षं सापडली नसती.

रुपराव धावले. बंद करायचं बटण शोधू लागले. बटण बसवायचंच राहिलं होतं. हे यंत्र वाजावं म्हणून त्यांनी दोन महिने देव पाण्यात ठेवले होते. ते थांबवायचीही वेळ येईल, हे त्यांच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. त्यांनी तार उपटली. मंडपवाल्यानं यंत्र, कर्णा आणि गाभाऱ्यातले दिवे एकाच तारेवर घेतले होते. दिवे गेले, कर्णा गेला, बायका ओरडल्या, "अवं माय, देव अंधारात!" तार पुन्हा लावली. दिवे आले, आणि यंत्र नव्या जोमानं सुरू झालं. रुपरावांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली. गंधात कालवलेला बुक्का आणखी पसरला. बुवा वर्तुळात हात जोडून शांत उभे. आणि सभेच्या कडेला मनोहरराव उठले होते. त्यांनी पिशवीतून लाल गोंडे बाहेर काढले होते.

"सरका, रुपराव," ते म्हणाले. "मी आहे नं."

रुपराव सरकलेही असते. इतक्या लोकांपुढे त्यांची मान कधी खाली गेली नव्हती. पण त्यांच्या खांद्यावर मागून एक जड हात पडला. डावा.

"त्याच्या डोळ्यात बुक्का गेला, गा," धोंडबा म्हणाला. "डोळ्यात बुक्का गेला तं मानूस बी हात झाडते. त्याले काहून शिव्या देऊन राहिला?"

तो यंत्राजवळ मांडी घालून बसला. बुवांच्या पेल्यातल्या पाण्यात आपल्या उपरण्याचं टोक भिजवलं आणि लहान लेकराचं तोंड पुसावं तशी ती काच कडेकडेनं पुसली. टाळ थांबले. मंडपात एकदम इतकी शांतता झाली की गुराख्याचं रान खरोखर तिथे उतरलं. मनोहरराव हातात टाळ धरून तसेच उभे राहिले.

बुवांनी तीच शांतता उचलली. हाक मारली. ती अशी आर्त हाक होती की चंद्रभाननं डोळे पुसले. हाक देता देता बुवा भान विसरले, खडूचं वर्तुळ ओलांडून थेट लोकांत शिरले आणि तिथूनच त्यांनी पद धरलं. हात उंच गेला. सावली पडली ती भलत्याच खांबावर. यंत्र बघत राहिलं. 

झण!

धोंडबाचं डावं बोट काचेवर होतं. बोट ठेवलं, झण. उचललं, गप्प. त्याची बुवांकडे नजरही नव्हती; डोळे मिटलेले होते. बुवांनी श्वास घेतला की बोट खाली येत होतं. बुवा लोकांत फिरले, मागे आले, मध्येच थांबून दोन शब्द बोलले, पुन्हा पद उचललं. बोट एकदाही चुकलं नाही. गाय सापडली तेव्हा त्यानं बोट काचेवर तसंच दाबून धरलं, आणि टाळांचा असा कडकडाट झाला की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. यंत्राच्या अंगात बळ होतं, ताल धोंडबाचा होता. कोणता आवाज कुणाचा, हे शेवटी रुपरावांनाही सांगता येईना, आणि यंत्र तर त्यांनीच बनवलं होतं.

आरती झाली. बुवा प्रसाद वाटताना यंत्रापाशी थांबले. "धोंडबा," ते म्हणाले, "आम्ही एवढं लांब गेलो तरी सुटलो नाही तुझ्या तावडीतून." धोंडबाने नुसती मान डोलावली. मनोहररावांनी शेवटी प्रसाद घेतला आणि लाल गोंडे सांभाळून पिशवीत ठेवले. ते दुखावले होते, पण बेताल कीर्तन ऐकावं लागलं नाही याचं त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. प्रयागबाई लांब उभ्या राहून यंत्राची क्षमा मागत होत्या.

माणसं पांगली. रुपराव तारा गुंडाळत होते.  धोंडबा अजून तिथेच बसला होता, मोटरीला बोट लावून.

"उशिरा वाजते हे," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

"किती?"

"केसभर. पन उशिरा."

"मोटर आहे, धोंडबाजी. अंधार झाला ते तिले समजाले, मंग फिराले, येळ लागते."

"मंग मले थोडं आंधी बोट ठेवा लागन." धोंडबा विचार करत उठला, दाराशी जाऊन पुन्हा वळला. "उद्याचं कीर्तन सहाले ना? मी चारलेच येतो. सराव पायजे."

"कोणाले?" रुपरावांनी विचारलं.

"दोघायले."